काचपेटीतील पाणी आणि आपले हात

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मुरुड हे गाव पाण्याच्या सान्निध्यातच वाढलेले आहे. समोर अरबी समुद्र, दक्षिणेस राजपुरीची खाडी आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा. किल्ल्याच्या सभोवार खारे पाणी असले, तरी त्याच्या तटांच्या आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. गावातील नारळी-पोफळीच्या वाड्यांना विहिरींचे पाणी मिळते. एकदरा, राजपुरी या वस्त्यांतील कोळी बांधवांचा दिवस जाळे, होडी आणि मासळीच्या टोपल्या यांतच उगवतो आणि मावळतो. येथील माणसाचा हात दिवसातून अनेकदा पाण्यात जातो आणि अनेकदा माशाला लागतो.

या जुन्या सहवासात अलीकडच्या काळात एका नव्या छंदाची भर पडली आहे. रंगीबेरंगी मासे सोडलेली काचेची पेटी, जिला सर्वसामान्यपणे फिशटँक म्हणतात, ती आता शहरातील दिवाणखान्यांप्रमाणेच लहान गावांतील घरांत, दवाखान्यांत, शाळांत आणि पर्यटकांच्या निवासगृहांतही दिसू लागली आहे. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने चालविलेल्या या मत्स्यालयाने महाराष्ट्रातील मुलांच्या काही पिढ्यांना माशांची ओळख करून दिली. आज तशीच ओळख घरच्या घरी करून घेता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांना निरीक्षणाची सवय लागते, एका सजीवाची जबाबदारी घ्यावी लागते आणि मनाला विरंगुळाही मिळतो.

या छंदाची एक बाजू मात्र पुष्कळदा दुर्लक्षित राहते. काचपेटीतील पाणी हाताळताना कोणती स्वच्छता पाळावी, त्यापासून कोणते विकार संभवतात आणि विकार झालाच तर डॉक्टरांना काय सांगावे, याची माहिती फार थोड्या घरांत असते. हे विकार क्वचितच होतात, म्हणून भिण्याचे कारण नाही. परंतु ते वेळीच ओळखले गेले नाहीत, तर साध्या औषधाने बरा होणारा माणूस महिनोन्महिने त्रास सोसत राहतो. म्हणूनच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

काचपेटीतील पाणी नितळ दिसते आणि त्यामुळे ते शुद्ध असावे असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंचीच्या पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. एवढ्याशा पाण्यात मासे खातात, श्वसन करतात आणि मलमूत्र विसर्जनही करतात. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते. या सर्वांतून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. पेटीतील खडी, गाळणी आणि काच यांवर वाढणारे काही जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नसतील, तर मासे जगणारच नाहीत. म्हणजेच ज्या पेटीतील मासे सुखरूप असतात, तेथील पाण्यात जिवाणूंची वस्ती असतेच असते.

या जिवाणूंपैकी बहुतेक माणसाला कोणताही अपाय करीत नाहीत. मात्र त्यांच्यासोबत काही उपद्रवी जिवाणूही राहू शकतात. ते निरोगी, अखंड त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत. कापलेले बोट, खरचटलेला हात, नखाजवळचे सोललेले कातडे किंवा माशाच्या काट्याने पडलेले छिद्र हेच त्यांचे प्रवेशद्वार होय. सावधगिरीचे जवळजवळ सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

महिनोन्महिने न बरी होणारी गाठ

काचपेटीशी निगडित असलेला सर्वांत ठळक विकार मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो प्रथम आढळला. माणसालाही त्याची बाधा होते, हे १९५१ मध्ये स्वीडनमधील पोहण्याच्या तलावाशी संबंध आलेल्या रुग्णांवरून सिद्ध झाले. घरगुती काचपेटीशी त्याचा असलेला संबंध १९६२ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदविला गेला. हा जिवाणू गोड्या, खाऱ्या आणि मचूळ अशा तिन्ही प्रकारच्या पाण्यांत राहू शकतो.

या जिवाणूची एक विशेष खोड आहे. सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात तो चांगला वाढतो, परंतु शरीराच्या आतील ३७ अंश तापमान त्याला मानवत नाही. त्यामुळे तो बहुधा शरीराच्या थंड भागांत, म्हणजे बोटे, हाताचा पंजा आणि कोपर यांच्या त्वचेतच घर करतो. पाण्याशी संबंध आल्यानंतर साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी, काही वेळा तर कित्येक महिन्यांनी, त्या जागी लहानशी लालसर किंवा जांभळट गाठ येते. ती फारशी दुखत नाही. पुढे तिच्यावर खपली धरते किंवा व्रण होतो. कधी कधी बोटापासून कोपराकडे एका ओळीत तशाच गाठी उठतात. दुर्लक्ष केल्यास बाधा स्नायूबंध, सांधे आणि हाडे यांपर्यंत पोहोचून बोट वाकविणे कठीण होऊ शकते.

या विकाराची खरी अडचण त्याच्या उपचारापेक्षा निदानात आहे. गाठ उठेपर्यंत पेटी साफ केल्याचा दिवस विसरला गेलेला असतो. रुग्ण तिला चामखीळ, गजकर्ण किंवा साधा फोड समजतो आणि दुकानातून मलमाची नळी आणून लावतो. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने वरवरची लाली तात्पुरती कमी होते, परंतु आतील जंतूंना आयतेच बळ मिळते. नेहमीच्या प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा क्रमही बहुधा निरुपयोगी ठरतो.

गाठीचा लहानसा तुकडा काढून त्याची तपासणी केल्यास निदान होऊ शकते. मात्र प्रयोगशाळेत असे नमुने सामान्यतः ३७ अंश तापमानात वाढविले जातात आणि या जिवाणूला ते तापमान सोसत नाही. नमुना पाठविताना माशांच्या पाण्याचा उल्लेख केला, तरच प्रयोगशाळा तो कमी तापमानात आणि पुरेसे आठवडे ठेवते. “माझ्या घरी माशांची पेटी आहे आणि ती मीच साफ करतो,” हे रुग्णाने उच्चारलेले एक वाक्य अशा वेळी अर्ध्या उपचाराइतके मोलाचे ठरते. योग्य औषधे काही महिने नेमाने घेतल्यास हा विकार पूर्ण बरा होतो. एका माणसापासून दुसऱ्यास तो होत नाही, म्हणून रुग्णाला वेगळे ठेवण्याचे अथवा त्याच्याविषयी शंका बाळगण्याचे काहीच कारण नाही.

कोळीवाड्याचा अनुभव

काचपेटीचा छंद नवा असला, तरी माशांमुळे हाताला होणारे विकार किनाऱ्यावर नवे नाहीत. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा बोटात शिरणे, कोळंबीच्या करवतीसारख्या टोकाने हात खरचटणे, खडकांवरची कालवे काढताना धारदार शिंपल्याने तळहात कापणे, हे येथील स्त्री-पुरुषांच्या रोजच्या अनुभवाचे प्रकार आहेत. वर सांगितलेली गाठ मासळी हाताळणाऱ्या या हातांवरही येऊ शकते. त्याशिवाय आणखी दोन विकारांची ओळख असणे उपयुक्त आहे.

पहिला विकार एरिसिपेलोथ्रिक्स या जिवाणूमुळे होतो. काटा लागल्यानंतर साधारणतः दोन ते सात दिवसांत बोटावर जांभळट-लाल, ठसठसणारी सूज येते आणि तिची कड स्पष्ट उठून दिसते. पेनिसिलिन गटातील औषधांनी ती लवकर बरी होते.

दुसरा विकार विरळा, परंतु गंभीर आहे. समुद्राच्या व खाडीच्या उबदार पाण्यात व्हिब्रिओ गटातील काही जिवाणू असतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्यांपैकी विशेष घातक होय. जखमेतून तो आत गेल्यास काही तासांत अथवा एक-दोन दिवसांत सूज झपाट्याने चढते, असह्य वेदना होतात, ताप येतो आणि त्वचेवर रक्ताळलेले फोड उठतात. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तींना याचा धोका अधिक असतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. येथे तासांचा हिशेब असतो. खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवणाऱ्यांनीही ही लक्षणे ध्यानात ठेवावीत.

शिंगाळा किंवा पाकट यांच्या काट्यात विष असते. असा काटा लागल्यास जखम स्वच्छ करून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे, हे दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने आधी पाहावे, म्हणजे पोळण्याचे भय राहत नाही. जखम खोल असल्यास अथवा काट्याचा तुकडा आत राहिल्यास डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

तोंडावाटे होणारी बाधा

पेटीतील पाणी उपसण्यासाठी रबरी नळीचे एक टोक पाण्यात बुडवून दुसरे तोंडाने ओढण्याची पद्धत सर्रास आढळते. ही सवय तत्काळ सोडून द्यावी. असे करताना पाण्याचा घोट पोटात जाण्याची शक्यता असते आणि त्यासोबत साल्मोनेलासारखे जिवाणू जाऊन जुलाब, उलट्या व ताप येऊ शकतो. ऑस्ट्रेलियात २००३ व २००४ या वर्षांत साल्मोनेलाची बाधा झालेल्या अनेक रुग्णांचा संबंध घरातील उष्णकटिबंधीय माशांच्या पेट्यांशी असल्याचे आढळले आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. तो जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा होता. मुले पाण्यात हात घालतात आणि तोच हात तोंडात घालतात, हे आपण सर्वच जाणतो.

नळी तोंडाने ओढण्याची गरजही नाही. नळी प्रथम पूर्णपणे पाण्याने भरावी, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून धरावीत, एक टोक पेटीत सोडावे आणि दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत नेऊन मोकळे करावे. पाणी आपोआप वाहू लागते. शाळेतील विज्ञान शिक्षकांना वक्रनलिकेचे तत्त्व शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

काही घरांत त्याच पेटीत लहान कासवे ठेवतात. कासवांच्या अंगावर व विष्ठेत साल्मोनेला बहुधा असतोच. या कारणास्तव अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली. आपल्याकडील अनेक देशी जातींच्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ती घरी बाळगणे हा गुन्हा आहे. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात कासव न ठेवणेच श्रेयस्कर.

डास आणि वीज

गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवतापाच्या नियंत्रणासाठी ते विहिरींत व हौदांत सोडले जातात. मासे असलेल्या पेटीत डासांची पैदास सहसा होत नाही. धोका असतो तो मासे मेल्यानंतर तशीच पडून राहिलेली पेटी, पाणी मुरविण्यासाठी उघडी ठेवलेली बादली आणि परसातील वापरात नसलेला सिमेंटचा हौद यांत. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ही अंडी कोरड्या भांड्याला चिकटून कित्येक महिने तग धरतात. अळीपासून डास तयार होण्यास सुमारे आठवडा पुरतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची जी सूचना आरोग्य खाते देते, तिच्यात या रिकाम्या पेट्यांचाही समावेश असावा. पेटी नुसती रिकामी न करता आतून घासून पुसावी.

काचपेटीभोवती हवेचा पंप, दिवा आणि गाळणी ही विजेची साधने असतात. ओल्या हाताने त्यांना स्पर्श झाल्यास जिवावर बेतू शकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व साधनांची बटणे बंद करून पिना काढून ठेवाव्यात. वायर पेटीवरून थेट बटणाकडे न नेता मध्ये खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी तेथेच खाली पडते आणि बटणापर्यंत जात नाही. गळती होताच विद्युतप्रवाह तोडणारे सुरक्षा साधन घराच्या जोडणीत बसवून घ्यावे.

पेटी साफ करण्याची रीत

पेटी साफ करण्यापूर्वी दोन्ही हात उजेडात नीट पाहावेत. ताजी जखम, फोड अथवा चीर असल्यास ते काम दुसऱ्याकडे सोपवावे किंवा कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालावेत. मधुमेही व्यक्ती, कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण, मूत्रपिंडाचे रोपण झालेले अथवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे रुग्ण यांनी हातमोज्यांशिवाय पेटीत हात घालू नये.

आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरेसे असते. सगळे पाणी एकदम बदलल्यास उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी एक दिवस मुरवून मगच घालावे, मात्र ते भांडे झाकून ठेवावे. पेटीसाठी वेगळी बादली, वेगळा मग आणि वेगळा स्पंज राखावा आणि त्यांवर खूण करावी. आंघोळीची बादली किंवा स्वयंपाकाचे भांडे या कामी कदापि वापरू नये. जाळी, खडी अथवा गाळणी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. काम संपल्यावर हात, मनगट आणि कोपरापर्यंतचा भाग साबणाने किमान २० सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुवावा. काम करताना लागलेच, तर जखम ताबडतोब साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. महिन्याभराने गाठ उठलीच, तर ही नोंद डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.

मेलेला मासा उघड्या हाताने उचलू नये. जाळीने काढून तो कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावा. आजारी माशांसाठी मनाने प्रतिजैविके पाण्यात टाकू नयेत. त्यामुळे औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात आणि हात त्याच पाण्यात घालावयाचा असतो. रिकामी पेटी ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुतल्यानंतर भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात पूर्ण वाळवावी. हे द्रावण आम्लयुक्त सफाईद्रव्यात मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

उपसलेले गोडे पाणी नारळ-पोफळीच्या आळ्यात किंवा फुलझाडांना घालता येते. त्यातील नायट्रेट झाडांना उपयोगीच पडते. मात्र ते विहिरीच्या काठापासून दूर ओतावे, कोथिंबीर-पालकासारख्या कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर शिंपडू नये आणि औषध घातलेले पाणी झाडांनाही देऊ नये. नको झालेले मासे विहीर, ओढा किंवा धरणात सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

शाळा आणि पंचायत यांचे कर्तव्य

शोभिवंत माशांचे संवर्धन हा किनारपट्टीवर पूरक व्यवसाय म्हणूनही पुढे येत आहे. कांदळवनांचे रक्षण आणि तेथील रहिवाशांची उपजीविका यांची सांगड घालणाऱ्या राज्य शासनाच्या २०१७ च्या योजनेत, तसेच केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत या व्यवसायाला स्थान देण्यात आले. घरातील हौसेच्या पेटीपेक्षा अशा केंद्रातील हौदांत हात कितीतरी अधिक वेळ बुडालेले असतात. हे काम करणाऱ्या बचत गटांतील महिलांना प्रशिक्षण देताना माशांच्या रोगांइतकेच हातांच्या रोगांविषयीही सांगितले जावे. हातमोजे, साबण आणि वाहते पाणी हे व्यवसायाच्या भांडवलाचाच भाग समजावेत. उघड्या हौदांजवळ उंदरांचा वावर होऊ देऊ नये, कारण त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

शाळेत काचपेटी असल्यास तिची जबाबदारी एका शिक्षकाकडे असावी. मुलांनी मासे पाहावेत, नोंदवहीत निरीक्षणे लिहावीत, अन्न घालावे, परंतु पेटी साफ करण्याचे काम लहान मुलांना देऊ नये. अन्न घातल्यानंतर आणि दुपारच्या भोजनापूर्वी हात धुण्याचा नियम कटाक्षाने पाळला जावा. ग्रामपंचायत सदस्य, आशा कार्यकर्त्या आणि आरोग्य सेवक यांनी मासळी बाजारात व कोळीवाड्यात एवढी एक गोष्ट पोहोचविली तरी पुष्कळ कार्य होईल : हातावरची गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर मलम बदलत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि आपला पाण्याशी व माशांशी असलेला संबंध न विसरता सांगावा. तालुक्याच्या ठिकाणी निदान न झाल्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात त्वचेची तपासणी करून घ्यावी.

मुरुडच्या किनाऱ्यावर माणूस आणि मासा यांचा सहवास फार जुना आहे. जाळे विणणारे, टोपली उचलणारे आणि कालवे फोडणारे हात हेच येथील अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन आहे. एका बोटाची हालचाल थांबली, तरी घरातील मिळकतीवर परिणाम होतो. काचपेटीत खेळणारे मासे घराला शोभा देतात, ती शोभा जरूर असावी. त्या पाण्यात हात घालण्यापूर्वी क्षणभर हातांकडे पाहावे आणि हात बाहेर काढल्यावर साबणाकडे वळावे. या दोन सवयी अंगवळणी पडल्या, तर हा छंद घरातील लहानथोरांना निर्धास्तपणे जोपासता येईल.